गोव्यातले तालुके: लोकसंख्या किती वाढली यापेक्षा गावात कोण उरलं, हे मोजायचं कसं?

कुळागर | ७ सप्टेंबर २०२५, रात्री ९.४०

चवथीला गावी गेले होते. काणकोण तालुक्यात आमचा वाडा, ३८ घरांचा. पाच दिवस गणपती होता तेव्हा आरतीला अंगण पुरत नव्हतं. मुंबई, पुणे, मडगाव, वास्को, कुठून कुठून माणसं आली होती. रविवारी विसर्जन झालं, सोमवार-मंगळवारी गाड्या परतल्या. बुधवारी सकाळी दूध आणायला निघाले तर ओळीने चार दारांना कुलूप. पाचव्या घरात मावशी स्टुलावर चढून माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीची, सुकलेली फळं एकटीच सोडवत होती. तिचं वय ७९. मी धावत जाऊन स्टूल धरलं तर म्हणाली, "हें आतां कोण काडटलो?"

त्या संध्याकाळी आईला घेऊन वही उघडून बसले. कुठल्या घरात वर्षातले बहुतेक दिवस कोण झोपतं, एवढाच प्रश्न. रेशन कार्डावर कोण आहे ते नाही, चवथीला कोण येतं तेही नाही. उत्तर असं आलं: ९ घरं बंद, २९ उघडी. माणसं १०१. त्यांत १४ वर्षांपर्यंतची मुलं १३, साठीची आणि त्यापुढची ३४, मधल्या वयाची ५४. घरात एकटं राहणारी म्हातारी माणसं ७, त्यांतल्या ६ बायका. चवथीच्या दुसऱ्या दिवशी याच वाड्यात आम्ही १९० च्या आसपास होतो.

मग सरकारी आकडे काढले. काणकोण तालुका २००१ साली ४३,९९७ आणि २०११ साली ४५,१७२. म्हणजे दहा वर्षांत १,१७५ माणसं वाढली, २.६७ टक्के. कागदावर वाढच आहे. पण त्या वाढीत स्टुलावरची मावशी कुठे दिसते? दोन तालुक्यांची तुलना कशी करावी की हे दिसेल? जाणकारांनी सांगा, मला खरंच शिकायचं आहे.

आकडेमोड | ७ सप्टेंबर, रात्री ११.१५

ताई, वाड्याची मोजणी केलीत ते फार चांगलं केलंत. आणि "वर्षातले बहुतेक दिवस कोण झोपतं" हा प्रश्न अगदी बरोबर निवडलात. अर्धी लढाई तिथेच असते.

मी नोकरीत असताना याच आकड्यांशी खेळलो आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. लोकसंख्येतला बदल चारच गोष्टींनी होतो: जन्म, मृत्यू, आलेले आणि गेलेले. जनगणना आपल्याला फक्त बेरीज देते. ती फोडून पाहायची एक कच्ची रीत आहे. त्या दशकात गोव्याचा जन्मदर हजारी साधारण १३ आणि मृत्युदर साडेसहाच्या आसपास होता. म्हणजे कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही, तरी दहा वर्षांत लोकसंख्या साडेसहा-सात टक्के वाढायला हवी. ही रेघ आखा आणि २००१ ते २०११ मधले तालुके तिच्या खाली-वर ठेवून बघा.

सांगे १.६७ टक्के (६४,०८० वरून ६५,१४७). काणकोण २.६७. बार्देश ४.२८ (२,२७,६९५ वरून २,३७,४४०). पेडणे ५.२. हे चारही रेघेखाली आहेत. म्हणजे इथून आले त्यापेक्षा जास्त गेले असा अंदाज बांधता येतो. मुरगाव आणि डिचोली रेघेच्या आसपास, सत्तरी आणि केपे थोडे वर. तिसवाडी १०.७, फोंडा ११ आणि सासष्टी १२.४ हे सरळसरळ माणसं ओढून घेणारे. दहा वर्षांत गोव्यात एकूण १,१०,८७७ माणसं वाढली, त्यांतली ३२,४२९ एकट्या सासष्टीत. सांगे आणि काणकोण मिळून २,२४२.

तेव्हा तुमच्या तालुक्याची "वाढ" ही मुळात गळती आहे. जन्मांनी भरलेलं भांडं खालून झिरपतं आहे.

एक सावधगिरी. मी सगळ्या तालुक्यांना राज्याचाच जन्म-मृत्युदर लावला. ज्या तालुक्यात आधीच म्हातारी माणसं जास्त, तिथे मृत्यू जास्त आणि जन्म कमी होणार, म्हणजे त्याची रेघच खाली असणार. बार्देशाबद्दल मला ही शंका आहे. तिथली किती वाढ माणसं गेल्यामुळे खुंटली आणि किती पाळणे कमी हलल्यामुळे, हे या रीतीने वेगळं होत नाही.

अंत्रुज | ८ सप्टेंबर, सकाळी ७.५०

आकडेमोड काका, तालुक्याचं बोललात ते बरं. जिल्ह्याचं कोणी बोलायला लागलं की मी लगेच थांबवतो, कारण आमचा फोंडा.

२०११ च्या जनगणनेत उत्तर गोवा ८,१८,००८ आणि दक्षिण गोवा ६,४०,५३७. तेव्हा फोंडा उत्तरेत होता. जानेवारी २०१५ पासून तो दक्षिणेत आहे. फोंड्याची २०११ ची माणसं १,६५,८३०. ती उचलून पलीकडे ठेवा: उत्तर ६,५२,१७८ आणि दक्षिण ८,०६,३६७. मोठा कोण, धाकटा कोण, सगळं उलटलं. पुढच्या जनगणनेनंतर कोणी दक्षिण गोव्याचा जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी ठेवून टक्केवारी काढली, तर एकही मूल जन्माला न येता २६ टक्के वाढ दिसेल. आणि उत्तर गोवा ओस पडल्यासारखा दिसेल. बातमीत असा मथळा येऊ नये म्हणून आत्तापासून सांगून ठेवतो.

धारबांदोड्याचंही तसंच. २०११ च्या तक्त्यात हा तालुका नाही, त्याची गावं तेव्हा बहुतेक सांग्यात मोजलेली आहेत. म्हणजे पुढच्या वेळी "सांगे घटला" असं दिसलं तर ती घट माणसांची की सीमेची, हे गाववार यादी समोर घेतल्याशिवाय कळणार नाही. तिसऱ्या जिल्ह्याची चर्चा आहेच. तो झाला तर आणखी एकदा सगळं नव्याने जुळवावं लागेल.

आकडेमोड | ८ सप्टेंबर, सकाळी ९.०५

शंभर टक्के. म्हणून नियम असा ठेवायचा: सीमा आजच्या घ्या, आणि जुने आकडे गाववार जमवून त्या सीमेत बसवा. फोंडा दोन्ही वर्षांना दक्षिणेत धरला तर २००१ ते २०११ मध्ये उत्तर ७.०७ टक्के आणि दक्षिण ९.१८ टक्के वाढते. जुन्या सीमेने हेच ७.८४ आणि ८.७३ येतात. माणसं तीच, अंतर मात्र दुपटीहून जास्त.

जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ नंतर सीमा बदलता येणार नाहीत, मोजणी पूर्ण होईपर्यंत. संदर्भ दिवस १ मार्च २०२७. म्हणजे २०११ नंतर १६ वर्षांचं अंतर. ज्यांना "दशकातली वाढ" म्हणायची सवय आहे त्यांनी हे विसरू नये. एकूण टक्केवारी न लावता वर्षाचा दर काढा, नाहीतर सगळेच तालुके फुगलेले दिसतील.

रानमेवा | ८ सप्टेंबर, दुपारी २.३०

मी सत्तरीत आरोग्यसेविका म्हणून बरीच वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. जन्मदराबद्दल वाचलं म्हणून लिहिते.

तालुक्याचा जन्मदर काढायला कोणी जन्मनोंदणीचे आकडे घेणार असेल तर जपून. नोंद जन्म होतो त्या जागी होते, बाईच्या गावी नाही. आमच्या वाळपई भागातली अवघड बाळंतपणं बांबोळीला जातात. बांबोळी तिसवाडीत. म्हणजे बाळ सत्तरीचं आणि नोंद तिसवाडीची. मृत्यूचंही तेच, शेवटच्या आठवड्यात माणसाला मोठ्या इस्पितळात हलवतात. दक्षिणेकडचे मडगावला जातात. जागेवरच्या नोंदींवर विसंबलात तर तिसवाडी आणि सासष्टीत जन्म-मृत्यू दोन्ही उतू जातात आणि रानातले तालुके रिकामे दिसतात. आईचा कायमचा पत्ता नोंदीत असतो. तो वेगळा काढून मगच हिशेब करावा.

दुसरं, वय. रानाकडच्या वाड्यांवर मी घरोघरी फिरले आहे. वय विचारलं की साठ, पासष्ट, सत्तर, असे ठोकळ आकडे यायचे. एक आजी होती, दर वर्षी "साठ" सांगायची. एके दिवशी तिच्या चुलीपाशी बसले आणि विचारलं, गोवा मुक्त झाला तेव्हा तू केवढी होतीस? ती म्हणाली, तेव्हा पहिला मुलगा पाठीला बांधून मी नाचणी कापत होते. एवढं कळल्यावर तिचं वय साठ असणं शक्यच नव्हतं, ऐंशीला टेकली होती. कार्डावर तिचं वय शेवटपर्यंत दहा-बारा वर्षांनी कमीच राहिलं. किनाऱ्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या जन्मनोंदी असतात, तिथे वय नेमकं मिळतं. रानात नाही मिळत. म्हणजे दोन तालुक्यांतली "सत्तर वर्षांपुढची" माणसं तुलना करताना आपण दोन वेगळ्या मापांनी मोजत असतो. मोजणीला जाणाऱ्या पोरांना माझं सांगणं एकच: १९ डिसेंबर १९६१ धरून विचारा. लग्न तेव्हा झालं होतं का, मूल होतं का. बाई बरोबर सांगते.

दादर_ते_डिचोली | ८ सप्टेंबर, रात्री १०.२०

मी त्या परतलेल्या गाड्यांपैकी एका गाडीतला. डिचोली तालुक्यात घर आहे, कुलूप आम्हीच लावून येतो. वाचताना घशाशी आलं.

पण हे आजचं नाही, हे सांगायला लिहितोय. आमचे पणजोबा मुंबईला आले तेव्हा धोबीतलावच्या कुडींत, म्हणजे सामायिक बिऱ्हाडांत, गावोगावचे गोवेकर राहत. गोव्याची लोकसंख्या १९०० साली ४,७५,५१३ होती आणि १९६० साली ५,८९,९९७. साठ वर्षांत जेमतेम एक लाख चौदा हजारांची भर. १९१० ते १९२१ मध्ये तर ती ४,८६,७५२ वरून ४,६९,४९४ वर उतरली. मध्ये १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ होती, आणि मुंबई-आफ्रिकेकडे ओघ होताच. १९०० साली हजार पुरुषांमागे १,०९१ बायका होत्या. पुरुष बाहेर, घरात बायका, पोरं आणि म्हातारी. मुक्तीनंतरच्या दहा वर्षांत लोकसंख्या जवळपास ३५ टक्क्यांनी वाढली आणि बायकांचं प्रमाण १,०६६ वरून ९८१ वर आलं, कारण कामासाठी बाहेरून पुरुष आले. माणसं कुठून गेली आणि कुठे आली हे पाहायचं तर हे प्रमाण फार बोलकं आहे.

फरक एवढाच की तेव्हा घरात पोरंही होती. पाच-सहा भावंडांतला एक-दोन मुंबईला गेला तरी घर भरलेलं असायचं. आता एकच मुलगा असतो, आणि तो मी.

सासष्टकार | ९ सप्टेंबर, सकाळी ८.१०

सासष्टीची १२ टक्के वाढ वाचून कोणाला वाटेल आमच्याकडे सगळं हिरवंगार आहे. आमच्या गावात जुन्या घरांत म्हातारी जोडपी आहेत, मुलं पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला. माडांचे नारळ उतरवायला पाडेली मिळत नाही, माडाखालून जाताना वर बघत चालायचं. आणि मडगावभोवती इमारती वाढल्या, त्यांत बाहेरून आलेली तरुण कुटुंबं. बेरीज केली की तालुका तरुण आणि वाढता दिसतो.

माझं स्पष्ट मत आहे की मूळ गोवेकर वेगळे मोजावेत. नाहीतर आमचं म्हातारपण त्यांच्या आकड्यांखाली झाकलं जातं.

रानमेवा | ९ सप्टेंबर, दुपारी १.४५

सासष्टकार दादा, दुःख समजतं. पण माझं मत उलटं आहे. बांधकामावरच्या कुटुंबातल्या बाळाला मीच लस टोचली आहे, ते बाळ इथेच वाढतं आहे, इथल्याच अंगणवाडीत जातं. आणि तुमच्या गावातल्या त्या म्हाताऱ्या जोडप्यांना रात्री उठवून बसवणारी, औषध देणारी बाई बहुतेक कुठून आलेली असते, हे तुम्हालाही माहीत आहे. कोण मूळचं हे विचारून मोजायला लागलो तर जी माणसं एकमेकांचा आधार आहेत तीच दोन रकान्यांत जातील.

आकडेमोड | ९ सप्टेंबर, संध्याकाळी ६.००

दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण मार्ग माणसं वेगळी काढण्यात नाही. जागा लहान करण्यात आहे. तालुक्याऐवजी पंचायत, पंचायतीऐवजी वाडा घेतला की सासष्टकारांचं जुनं गाव आणि मडगावभोवतीच्या इमारती आपोआप वेगळ्या होतात.

आणि टक्केवारीबरोबर मोजमापही बदला. "साठीपुढची माणसं शेकडा किती" हा आकडा तरुण माणसं आली की घसरतो, म्हाताऱ्यांची संख्या वाढत असली तरी. मुरगावसारख्या बंदराच्या तालुक्यात हे होतंच. म्हणून तीन गोष्टी जवळजवळ ठेवून बघाव्यात: म्हाताऱ्यांची नुसती संख्या, शंभर मुलांमागे म्हातारी किती, आणि शंभर कमावत्या वयाच्या माणसांमागे म्हातारी किती. कुळागरताईंच्या वाड्यात हे आकडे ३४, २६२ आणि ६३ येतात.

राज्याचं चित्र सांगतो. २०११ मध्ये गोव्यात साठीपुढची ११.२ टक्के, देशात ८.६. केरळ १२.६ घेऊन पहिला, त्याच्या मागे आपण. सहा वर्षांपर्यंतची मुलं तेव्हा १,४४,६११ होती आणि साठीपुढची माणसं सुमारे १ लाख ६३ हजार. म्हणजे १४ वर्षांपूर्वीच आजी-आजोबा नातवंडांपेक्षा जास्त झाले होते. देशात तेव्हा मुलं १६ कोटींवर आणि म्हातारी साडेदहा कोटींच्या आत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्याचा जननदर (एका बाईला सरासरी किती मुलं होतात तो आकडा) १९९२-९३ सालीच १.९ होता, आणि २०१९-२१ च्या फेरीत १.३. दोन आईबापांमागे दोन मुलं हवीत, ती तीस वर्षांपूर्वीच नव्हती. जे तेव्हा जन्मले नाहीत, तेच आज तुमच्या वाड्यात दिसत नाहीत. सगळेच मुंबईला गेलेले नाहीत.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. १३ मुलांच्या वाड्यातून दोन मुलांचं एक कुटुंब मडगावला गेलं की २६२ चे ३०९ होतात. एवढ्याशा ठिकाणी प्रमाण उड्या मारतं. म्हणून वाड्याला टक्केवारी लावू नका, माणसंच लिहा. टक्केवारी दहा-पंधरा वाडे एकत्र आल्यावर.

अंत्रुज | ९ सप्टेंबर, रात्री ९.३०

यात बंद घरांचाही रकाना हवा. २०११ च्या घरयादीत गोव्यात सव्वा लाखाच्या आसपास घरं रिकामी नोंदली गेली होती, पाचांतल्या एकाहून जास्त. पण रिकामं घर आणि रिकामं घर यांत फरक असतो. एक चवथीला उघडणारं, एक वारसांच्या भांडणात कोसळत चाललेलं, एक कोणी सुट्टीसाठी घेतलेला फ्लॅट. बार्देशात तिसरा प्रकार, काणकोणात पहिला. दोन्हीकडे आकडा सारखा आला तरी मावशीला रात्री हाक मारली तर ऐकणारं कोणी आहे का, याचं उत्तर वेगळं येणार.

शिवाय २०११ नंतर काय काय झालं ते आठवा. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा इथले ट्रकवाले, मेकॅनिक, खानावळवाले कुठे गेले? २०२३ पासून मोप विमानतळ चालू आहे, पेडण्यात भाड्याच्या खोल्या वाढल्या. यातलं काहीही आपल्या हातातल्या आकड्यांत नाही. आपण २०११ च्या चष्म्यातून आजचा गाव बघतो आहोत.

कुळागर | १४ सप्टेंबर, रात्री ८.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. या रविवारी पुन्हा गावी गेले आणि वही दुरुस्त केली.

रानमेवाताईंनी सांगितलं तसं मुक्ती धरून विचारलं. ३४ जणांपैकी पाच जणांचं वय बदललं. मावशी ७९ नाही, ८३ ची निघाली. मुक्तीच्या वर्षी तिचं लग्न ठरत होतं, तिला नीट आठवतं. मग साठ ते एकोणऐंशी आणि ऐंशीपुढची असे दोन रकाने केले, कारण आमच्याकडे पासष्टीचा माणूस अजून सुपारीच्या बागेत पाणी सोडतो, त्याला आणि मावशीला एका खान्यात टाकणं मनाला पटेना. ऐंशीपुढची ११ आहेत. एकट्या राहणाऱ्या सातांपैकी चौघी या ११ मध्ये.

बंद घरांचेही तीन रकाने केले: चवथीला उघडणारी ६, भांडणातली २, आणि एक आहे त्याचं कोणालाच काही माहीत नाही.

शेवटचा रकाना आईने सुचवला. कुठल्याही तक्त्यात तो नसेल. रात्री काही झालं तर त्या घरी पाच मिनिटांत पोचणारं माणूस कोण? २९ पैकी २१ घरांपुढे नाव लिहिता आलं. त्यांतल्या ९ घरांपुढे एकच नाव आहे, रिक्षा चालवणाऱ्या एका मुलाचं. तो ३४ वर्षांचा आहे आणि मडगावला खोली बघतो आहे.

रानमेवा | १४ सप्टेंबर, रात्री ९.१०

ती जी ८ घरं नावाविना आहेत, त्यांची यादी आधी तुमच्या आरोग्य केंद्रातल्या सेविकेकडे द्या. १०८ चा नंबर मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येकीच्या फोनजवळ चिकटवा, आणि घराची खूणही त्याच कागदावर: देवळाकडून कितवं, ओहोळाच्या अलीकडे की पलीकडे. घाबरलेल्या माणसाला रात्री पत्ता सांगता येत नाही.

दादर_ते_डिचोली | १४ सप्टेंबर, रात्री ११.३५

आमच्या वाड्याची मोजणी दिवाळीत करतो. घरं ४० च्या आसपास असतील. कुळागरताई, वहीच्या पानाचा फोटो इथे टाकाल का? नावं झाकून, फक्त रकाने दिसू देत. सारखेच रकाने ठेवले तर काणकोण आणि डिचोली शेजारी ठेवता येतील.

कुळागर | १५ सप्टेंबर, सकाळी ६.४५

टाकते. आधी मावशीकडचं स्टूल काढून घेते.